नागापुरात ओतलेलं दीपगृह

दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहायच्या त्या निवृत्त माणसांनी, असा रिवाज आहे. मी निवृत्त नाही. आमच्या ओतशाळेतून निवृत्त असं कुणी होतच नाही, माणसं एकेक करून गळतात. तरीही मी लिहायला बसले आहे, कारण माझ्या पोटात एक हेवा जळतो आहे. तो एका दीपगृहाचा आहे आणि एका अंगठ्याचा आहे. नगरपासून समुद्र किती लांब आहे हे ठाऊक असणारे आता हसतील. खुशाल हसा. मीही समुद्र पाहिलेला नाही. मुळा धरणाचं पाणी भरतं तेव्हा पलीकडचा काठ दिसेनासा होतो, माझा समुद्र तेवढाच.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी ओतशाळा आहे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. ते वितळवून आम्ही पंपांची केसिंगं म्हणजे बाहेरची कवचं, गटारांची झाकणं, मशिनांचे पाय असलं काहीबाही ओततो. पहिल्यांदा लाकडाचा पॅटर्न करतात, म्हणजे हव्या त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती. ती काळ्या मातीत दाबून काढली की मातीत तिचा ठसा उरतो. त्या ठशात लोखंड ओततात. पण पंपाला आत पोकळी लागते, ती कुठून आणायची? तेवढ्या आकाराचा वाळूचा पक्का ठोकळा करून साच्यात ठेवायचा, भोवतीनं लोखंड ओतायचं आणि गार झाल्यावर वाळू फोडून काढायची. त्या ठोकळ्याला कोअर म्हणतात. मी कोअर करते. म्हणजे दिवसभर मी जे घडवते ते शेवटी हातोडीनं फोडून टाकतात, आणि उरते ती मोकळी जागा. ओतशाळेत बायकांना बहुतेक हेच काम देतात. का देतात, त्यावर मी पूर्वी एक पत्रक काढलेलं आहे.

पत्रकांचंही सांगायला हवं. माझे वडील, अण्णा, याच वसाहतीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यात कामगार होते. गेटवर वाटायची पत्रकं तेच लिहीत. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. ‘क’ कमळाचा नव्हता, कामगाराचा होता. अण्णांचा एक नियम होता: "मागायचं ते उजेडात मागायचं. चोरून घेतलं की ती मागणी राहत नाही, ती उचलेगिरी होते." तो नियम माझ्यात इतका खोल गेला आहे की वाण्याकडून सुटे पैसे परत घेतानाही मी आवाज चढवते.

लोखंडावर नाव असावं, ही माझी फार जुनी मागणी. लोखंडावर सगळ्यांची नावं येतात हो. झाकणावर नगरपालिकेचं येतं, त्याहून मोठं ठेकेदाराचं येतं. सोनईकडचा एक बागाईतदार एकदा पंपाच्या केसिंगवर आपल्या मुलाचं नाव हवं म्हणून अडून बसला. मुलगा तेव्हा पाळण्यात होता. आम्ही ओतून दिलं. तो पंप कुठल्या विहिरीवर बसला असेल कुणास ठाऊक, पण त्या पोराचं नाव लोखंडात आहे. फक्त ओतणाऱ्याचं नाव कुठेच नसतं.

तर एके सकाळी टेम्पोतून तीन प्लेटा आल्या. छातीपर्यंत उंच, कमानीसारख्या वळलेल्या, तळाशी रुंद आणि वर निमुळत्या. कडांना आतल्या बाजूनं पट्ट्या, पट्ट्यांत बोल्टांची भोकं. एकीला वाटोळी खिडकी होती. तिन्ही तडकलेल्या. त्यांच्यासोबत बंदराच्या डागडुजीचे एक तरुण इंजिनिअर आले होते. आम्ही त्यांना साहेबच म्हणायचो. ते म्हणाले, "हे आमच्या बंदरातलं दीपगृह आहे. म्हणजे त्याचे तुकडे. असेच नवे करून हवेत."

मोठ्या ओतशाळांनी तीन नगांसाठी पॅटर्न करायला नकार दिला होता. आमच्या शेठनी घेतलं. शेठ स्वतः मुळात पॅटर्नमेकर, हातानं लाकूड तासत वर आलेले. अशा कामाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही.

चहा घेता घेता साहेबांनी दीपगृहाची कथा सांगितली. ते विलायतेत ओतलं. तिकडच्या अंगणात एकदा पूर्ण उभं करून पाहिलं, मग सोडवलं, प्रत्येक प्लेटेवर क्रमांक घातला आणि जहाजातून आपल्या किनाऱ्यावर आणलं. दगड घडवायला वर्षं लागली असती, हे बोल्ट आवळून एका उघाडीत उभं राहिलं. आधी तेलाचा दिवा होता, मग गॅसचा, मग विजेचा. पुढे बंदर गाळानं भरलं आणि मोठी जहाजं यायची थांबली. दिवा बंद करायचं ठरलं तेव्हा मच्छीमारांनी ओरडा केला, म्हणून तो राहिला. आता सांध्यांत गंज फुगून प्लेटा तडकल्या आहेत.

"म्हंजे बिडाचं बी कुनी इतकं करतं," बबनभाऊ म्हणाले. "आपलं झाकन चोरीला गेलं तर दुसरं बशिवत्यात."

बबनभाऊ आमचे मोल्डर, मातीचा साचा करणारे. सोनईजवळच्या वाडीतले. माणूस अर्धा दिवस एक शब्द बोलत नाही, आणि बोलला की तो चिकटून बसतो. माझ्या एकाही सभेला ते आले नाहीत. पत्रकं मात्र घेतात. "लई भारी लिव्हलंय, ताई," असं म्हणतात आणि घडी करून डब्याखाली घालतात.

जुन्या प्लेटा साफ करायचं काम मला मिळालं. रंग खरवडू लागले तर खाली थरावर थर निघाले. वर पांढरा. त्याखाली तांबडा, पुन्हा पांढरा, मग एक मळकट राखाडी. साहेब फोनवर म्हणाले, लढाईच्या काळात शत्रूला दिसू नये म्हणून ते राखाडी केलं होतं आणि दिवा झाकून ठेवला होता. मी पातं घेऊन त्या थरांतून उतरत गेले आणि मला मत्सर वाटू लागला. प्रत्येक पिढीनं या लोखंडाला रंग दिला होता. त्याला लपवलं, पुन्हा उजळलं, त्याच्यासाठी भांडणं केली. माझ्या कोअरवर ओतलेल्या एकाही वस्तूची दुसऱ्यांदा कुणी विचारपूस केलेली मला माहीत नाही.

सगळ्यात खाली नाव निघालं. उठावाच्या इंग्रजी अक्षरांत त्या विलायती ओतशाळेचं नाव आणि गाव. ते मालकाचं नाव, त्याचा मला राग आला, हेवा नाही. हेवा पुढे आला. प्लेट उलटी केली आणि कडेच्या पट्टीची आतली बाजू घासली. दुसरी प्लेट बोल्टांनी आवळली की ही बाजू कायमची झाकली जाते. तिथे तीन टेंगळं हाताला लागली, ओळीनं, मसुराएवढी जाड आणि अंगठ्याएवढी रुंद, सांध्यातल्या भरणीत दडून जातील अशी. मातीत अंगठा दाबला की खड्डा पडतो, आणि खड्ड्यात लोखंड शिरलं की टेंगूळ उठतं.

मी ओरडलेच. "बबनभाऊ, इकडे या! सही आहे ही! मालकानं नाव बाहेर घातलं, कामगारानं आत घातलं!"

बबनभाऊंनी आपला अंगठा त्या टेंगळांवर ठेवून पाहिला. "सही कसली? माती बघितली त्यानं."

हे खरं की मोल्डर माती नीट ठोकली गेली का ते अंगठा दाबून पाहतो. सगळेच पाहतात. पण ठशाच्या बाहेर, कडेला, जिथे लोखंड पोचत नाही.

"मग आत कशाला दाबेल?" मी म्हणाले.

"दाबला आसंल. इसरला बुजवायला."

"तीनदा विसरला?"

"मानूस हाय, ताई."

मी काही ऐकणार नव्हते. त्या मेलेल्या गोऱ्या मोल्डरचा मला असा हेवा वाटला की जेवण गेलं नाही. समुद्राकाठी, मालकाच्या नावामागे, त्याचा अंगठा इतकी वर्षं ठाम बसला होता.

काम सुरू झालं. मापं शेठनी स्वतः घेतली, कुणाला हात लावू दिला नाही. खिशातली जुनी पितळी पट्टी काढली, डोळा बारीक केला आणि आकडे पाठ करत पॅटर्नच्या खोलीत गेले. इंग्रजी अक्षरंही त्यांनीच लाकडात कोरली. नव्या प्लेटेवर तेच विलायती नाव, जसंच्या तसं, असं करारात होतं. ती अक्षरं इतकी देखणी उतरली की मला त्यांच्या हाताचाही हेवा वाटला, आणि रागाबरोबर हेवा आला की तो दुप्पट कडू लागतो.

"शेठ," मी म्हणाले, "लोखंड नगरचं, कोळसा आपला, घाम आपला, आणि वर नाव तिकडच्या कंपनीचं?"

"शैला, नकलेला नक्कल म्हनायचं. तुझ्या आजीच्या बुगड्या मोडून सोनारानं तशाच नव्या केल्या, तर सोनार आपलं नाव घालतो का त्याच्यावर?"

"शिक्का मारतो की!"

शेठ पटाशी उगारून म्हणाले, "कोअर वाळल्या का बघ जा."

मी पत्रक काढलं. मथळा: ‘लोखंड आमचं, नाव कुणाचं?’ चहाच्या टपरीवर लावलं. मागणी साधी होती. नव्या प्लेटेवर विलायती नाव नको, ते खोटं आहे. ओतणाऱ्यांची नावं हवीत, सगळ्यांची, भट्टीवाल्यापासून झाडणाऱ्यापर्यंत. बबनभाऊंनी उभ्यानं पूर्ण वाचलं.

"लई भारी लिव्हलंय," ते म्हणाले. "पन इतकी नावं घातल्यावर प्लेट ऱ्हाईल का? नुसती यादीच व्हईल."

टपरीवर सगळे हसले. मी नाही.

मग पहिली प्लेट ओतली, ती खिडकीची. शेठनी नारळ फोडला. लोखंड नारिंगी धारेनं साच्यात गेलं, माझ्या कोअरला वळसा घालून वर आलं. दुसऱ्या दिवशी माती फोडली. प्लेट झकास, एक फोड नाही. जुनीच्या कडेला नवी उभी केली, आणि बबनभाऊ बोल्ट हातात घेऊन थांबले.

"बसंना," ते म्हणाले.

वरचं भोक जुळलं की खालचं सरकायचं, खालचं जुळलं की वरचं. चार फुटाला अर्धा इंच कमी. शेठनी दोन्ही प्लेटांकडे पाहिलं. मग सावकाश खिशातली पितळी पट्टी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि मटकन वाळूच्या ढिगावर बसले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. लोखंड गार होताना आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर लांब. तिनं पॅटर्न करायचा, ओतलेली वस्तू बरोबर मापाची येते. पण त्या पट्टीनं लाकूड मापायचं, लोखंड नाही. शेठनी जुनी प्लेटही तिनंच मापली होती. पट्टी लांब, म्हणून आकडा कमी आला. त्या कमी आकड्यावरून पॅटर्न जुन्या प्लेटेएवढाच झाला आणि ओतलेली प्लेट आकसून तिच्याहून लहान. जन्मभर एकच पट्टी खिशात बाळगणाऱ्या माणसाच्याच हातून ही चूक होते. सुताराच्या हातून होणार नाही, माझ्याही नाही.

बबनभाऊ म्हणाले, "शेठ, दीपगृहच आर्धा इंच बारीक करायला सांगू का त्यान्ला?"

शेठ आधी त्यांच्यावर धावले, मग हसले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं.

प्लेट वाया गेली, दिवस लांबले, आणि साहेबांना स्वतः यावं लागलं. ते आले हीच माझी संधी. नवा पॅटर्न टेबलावर होता, अक्षरं अजून चिकटवायची होती. मी हात पुसून सरळ त्यांच्यासमोर उभी राहिले.

"साहेब, तुम्ही इतिहास जपताय ना? मग उद्या कुणी ही प्लेट पाहील आणि म्हणेल, विलायतेत ओतली. हा इतिहास झाला की थाप?"

शेठ म्हणाले, "शैला, गप."

"थांबा," साहेब म्हणाले. ते अक्षरांचा एक तुकडा हातात फिरवत राहिले. "ताई, तुमचं बरोबर आहे. नव्या भागावर जुनं नाव घालणं चूकच. हे मला आधीच सुचायला हवं होतं."

माझ्या कानांत ढोल वाजायला लागले. मी तिथल्या तिथे दुसरी मागणी ठेवली. "मग ओतणाऱ्यांची नावं घाला. समोर नको, मागे घाला. पट्टीवर, जिथे दिसत नाही तिथे. त्या गोऱ्याचा अंगठा आहे तिथे."

साहेब कसनुसे झाले. "तसं नाही करता येणार. सरकारी वास्तू आहे. आज तुमची घातली तर उद्या ठेकेदार म्हणेल माझं, मग पुढारी म्हणतील आमचं. काहीच नको. प्लेट कोरी ठेवा."

"लहान खूणसुद्धा नाही?"

"मला विचारल्यावर मी हो म्हणू शकत नाही, ताई."

ते गेल्यावर शेठनी ती सुंदर अक्षरं एकेक करून डब्यात टाकली. "मिळालं समाधान? आता त्यांचं बी न्हाई, तुझं बी न्हाई. कुनाचंच न्हाई."

अक्षरं डब्यात पडल्याचा तो आवाज अजून कानात आहे. माझ्या लढ्यानं एक नाव पुसलं होतं, आणि दुसरं काही लिहिलं नव्हतं. संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "अर्धी मागणी मंजूर झाली, पोरी." मी म्हणाले, "हो, पुसायची तेवढी."

नव्या प्लेटा ओतल्या. खिडकीची कोअर मीच केली. ओल्या वाळूवर माझा अंगठा दोनदा गेला आणि दोनदा मी तो मागे घेतला. मी मागितलं होतं, नाही म्हणाले होते. आता गुपचूप घेतलं असतं तर माझी मागणी उचलेगिरी ठरली असती. मी कोअर आरशासारखी गुळगुळीत केली. बबनभाऊ पलीकडे साचा ठोकत होते, शीळ घालत.

प्लेटा बसवायला ओतशाळेतला एक माणूस बंदरावर हवा होता, कुठे घासायचं, कुठे पाचर मारायची ते पाहायला. मी नाव दिलं. शेठ म्हणाले, "तिथं ऱ्हायची सोय न्हाई. बायामान्साची तर न्हाईच." आणि बबनभाऊ निघाले, ज्यांनी जायला मागितलंही नव्हतं. कपड्यांची एक पिशवी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. टेम्पो वळला तेव्हा मी भट्टीकडे पाठ करून उभी होते. कुणाला माझं तोंड दिसू नये, एवढीच इच्छा.

आठवड्यानं ते परत आले. तोंड रापलेलं, नाकाची साल गेलेली. दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले आणि मोबाईल पुढे केला.

"बघा, ताई. ही तुमची खिडकी. लई वारा येतो तिच्यातनं."

फोटोत लोखंडाचं वाटोळं कडं होतं आणि त्यात निळं काहीतरी भरलेलं. इतकं निळं की मला आधी तो पडदा वाटला. जी जागा मी वाळूची करून दिली होती, तिच्यात समुद्र बसला होता.

"आजून हायेत," ते म्हणाले आणि बोटानं पुढचा फोटो सरकवला. बसवण्याआधीची प्लेट होती, आडवी ठेवलेली. कडेची पट्टी वर आलेली. मी फोटो मोठा केला. पट्टीवर तीन टेंगळं होती, ओळीनं.

"ही जुनी प्लेट आहे का?"

"न्हाई. आपली."

मी वर पाहिलं. ते तंबाखू मळत होते, चेहऱ्यावर काही नाही.

"बबनभाऊ, हे काय आहे?"

"माती बघितली."

"आत?"

"इसरलो बुजवायला."

"तीनदा?"

"मानूस हाय, ताई."

मला काय काय झालं ते नीट सांगता येत नाही. आधी हसू आलं, मग त्याचा राग झाला. मी पत्रक लिहिलं, शेठच्या शिव्या खाल्ल्या, साहेबांशी भांडले, हरले, माझा अंगठा आवरला. या माणसानं एका सभेला तोंड दाखवलं नाही, एक शब्द मागितला नाही, आणि त्याचा अंगठा आता समुद्रावर आहे, बोल्टांनी आवळलेला, जिथे कुठलाही साहेब पोचणार नाही.

"मला सांगायचं तरी," मी म्हणाले. "मीही दाबला असता."

ते पहिल्यांदा ओशाळले. "तुमी न्हाई दाबला आसता. तुमी आधी विचारायला गेल्या आसत्या."

हे छापायचं का, असं मी त्यांना विचारलं, उजेडात, नेहमीप्रमाणे. नोकरी जाईल म्हणून ते घाबरतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "लिव्हा की. बोल्ट खोलून कोन बघतंय? आन बघितलं तर म्हनायचं, इसरला."

ती वाया गेलेली अर्धा इंच लहान प्लेट शेठनी वितळवली नाही. ती फाटकाजवळच्या नाल्यावर टाकली आहे. तिच्यावर त्या विलायती ओतशाळेचं नाव अजून आहे, आणि आम्ही सगळे त्यावर पाय देऊन कामाला येतो. खिडकीतून खाली गटाराचं पाणी दिसतं.

माझी मागणी कायम आहे. गेल्या महिन्यात शेठपुढे ती पुन्हा ठेवली, या वेळी झाकणांसाठी. ते म्हणाले, "बघू." अण्णांच्या मते ‘बघू’ म्हणजे लढ्याची सुरुवात. अण्णा चूक आहेत असं मी म्हणणार नाही. चोरून दाबलेला अंगठा एका माणसाचा असतो आणि मागून मिळवलेली खूण सगळ्यांची, हे मी आजही कुठल्याही गेटवर उभी राहून सांगेन.

फक्त रोज सकाळी बबनभाऊ पलीकडे माती ठोकायला लागतात, कडेला अंगठा दाबून पाहतात, तेव्हा माझी नजर तिकडे जाते. काळा, चपटा, नख अर्धं गेलेला अंगठा. ते नीट बुजवतात, प्रत्येक वेळी, न विसरता. मी माझी वाळू गुळगुळीत करत राहते आणि जळते.